आप्पांचा तांबडा

नांदेडच्या छापखान्यात मी प्रुफं वाचायला म्हणून रुजू झाले, त्या दिवशी शेडआप्पांनी मला माझं नाव विचारलं नाही. मी दारातून आत येत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या साडीकडे बोट केलं आणि शेजारच्या मशीनवाल्याला म्हणाले, "खाजा, हे बघ. पिवळा चार, निळा एक, अन् काळा नुसता पत्तीला पुसून. सकाळपासून मी हेच सांगून राहिलो तुला." खाजाभाईनं माझ्या साडीकडे नीट बघितलं, मान हलवली, आणि दोघं कामाला लागले. मी तशीच दारात उभी. लग्नाला चार महिने झाले होते आणि ती साडी आईनं दिलेली होती. तिला कुणी मेंदीचा रंग म्हणायचं, कुणी कच्च्या चिंचेचा. तिच्यात काळा आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

आप्पा उदगीरकडचे. कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि अंगात एक सदरा, जो कधीकाळी पांढरा होता. त्या सदऱ्यावर छापखान्याचा सगळा इतिहास होता. बाहीवरचा मरून कुठल्या चहाच्या पुड्याचा आणि खिशावरचा हिरवा कुठल्या पतसंस्थेचा, हे ते न बघता सांगत. रंग कालवण्यात सगळी हयात गेली म्हणून त्यांचं नाव शेडआप्पा पडलं होतं. खरं नाव हजेरीच्या वहीत असायचं, ते कुणी वापरत नसे.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. फोटो छापायला चार शाया पुरतात. चार रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी पडले की डोळा फसतो आणि माणसाचा चेहरा दिसतो. पण चहाच्या पुड्याचा जो मरून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलेला असतो, तो ठिपक्यांनी जमत नाही. तो डब्यात पत्तीनं, म्हणजे शाईच्या चपट्या पात्यानं, कालवावा लागतो आणि एकसंध छापावा लागतो. आम्ही त्याला 'पेशल शेड' म्हणायचो. आधी नमुन्याचे चार कागद छापायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, त्याची सही घ्यायची आणि मगच माल मशीनवर चढवायचा. त्या नमुन्याच्या कागदावर अक्षरांची जबाबदारी माझी आणि रंगाची आप्पांची. मागच्या बाजूला मी सही करायची आणि आप्पा सहीच्या जागी शाईचं बोट टेकवायचे. ती त्यांची ऐट आहे असंच आम्ही सगळे समजत होतो.

नमुना छापून आला की आप्पा तो घेऊन बाहेर जायचे. छापखान्याच्या उत्तरेच्या भिंतीला सकाळी सावली असे, तिथं. आत कितीही दिवे असोत, आत रंगावर बोलायचं नाही. एकदा मालक घाईत होते. म्हणाले, "आप्पा, ट्यूबखाली बघा की. झक्क उजेड आहे." आप्पा म्हणाले, "ट्यूबखाली समदेच आजारी दिसतात मालक, अन् उन्हात समदेच देखणे. सावलीत माणूस जसा हाय तसा दिसतो." सावलीत गेल्यावर ते कागद उलटा धरत. अक्षरं खाली डोकं वर पाय, आणि त्यांचे डोळे बारीक. जुना नमुना एका हातात, नवा दुसऱ्या. शिवाय एक राखाडी पुठ्ठा असे, त्याला मधोमध चौकोनी भोक. त्या भोकातून एकच रंग बघायचा, शेजारचा रंग दिसू द्यायचा नाही. "शेजार वाईट असला की चांगला रंगबी बिघडलेला दिसतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

गिऱ्हाइकांशी त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. गिऱ्हाईक म्हणे, आत्ता दाखवा, आत्ता सही करतो. आप्पा म्हणत, वाळू द्या. शाई ओली असताना चमकते, वाळली की कागदात उतरते आणि एक पायरी खाली येते. "वल्ला रंग म्हंजे नवा जावई," ते म्हणायचे. "दोन दिवस घरात ऱ्हाऊ द्या, मंग कळतंय." एका कापड दुकानदारानं हट्टानं ओल्यावरच सही केली आणि पिशव्या घेऊन गेला. चौथ्या दिवशी तणतणत परत आला. आप्पांनी त्याला सावलीत नेलं, त्याची सही असलेला कागद दाखवला आणि एकच विचारलं, "जावई बदलला का तुमची नजर?" पण त्याच्या पिशव्या पुन्हा छापल्या, त्याही स्वतः मशीनशेजारी उभं राहून.

मग लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांना नवे कागद. मालकांनी लातुरात शाखा काढायचं आणि स्वतः तिथं राहायचं ठरवलं. माझ्या नवऱ्याची बदली नेमकी तिथल्या कचेरीत झाली होती, म्हणून मी जाणार होतेच. आप्पांना गावाजवळ जायला मिळालं आणि खाजाभाई आप्पांना सोडून राहायला तयार नव्हता. आम्ही एकाच एस्टीनं निघालो. आप्पांच्या मांडीवर त्यांचा रंग कालवायचा संगमरवरी पाटा, गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर टपावर टाका म्हणाला तर आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लोह्याला बस थांबली, सगळे चहाला उतरले, आप्पा उतरले नाहीत. खाजाभाईनं खिडकीतून त्यांना बशीनं चहा पाजला.

लातुरात पहिली दोन वर्षं बरी गेली. मग पाऊस रुसला. एक साल रुसला, दुसऱ्या सालीही रुसला. लग्नं पुढं ढकलली गेली, पत्रिका छापायला कुणी येईना. दुकानदारांनी नव्या पिशव्या काढणं बंद केलं. आणि त्यात आमच्या मशीनला पाणी लागायचं. ऑफसेटच्या पत्र्यावर शाई आणि पाणी दोन्ही फिरतं; पाणी जिथं बसतं तिथं शाई बसत नाही, त्यावरच सगळी छपाई चालते. छापखान्याच्या बोअरचं पाणी खोल गेलं तसं जड झालं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसे, तसाच मशीनच्या रुळांवर बसायला लागला. सकाळी छापलेला रंग दुपारपर्यंत फिका पडे. "पानी भौत भारी है आप्पा," खाजाभाई कुरकुरायचा, "रंग ठैरताच नै."

मालक म्हणाले, टँकरचं गोडं पाणी येतं त्यातलं दोन घागरी मशीनला ठेवा. आप्पांनी दाराबाहेर बोट दाखवलं. गल्लीत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यांत आप्पांच्या पत्नी गौराक्काही होत्या. "त्या तिथं उभ्या, अन् आपण हितं रुळाला पाणी पाजायचं?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमधून मोटारीच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन घेऊन आले. ते पाणी कुणाच्या पिण्याचं नव्हतं आणि त्यात क्षारही नव्हता. गॅरेजवाला मला बाजारात भेटला तेव्हा विचारत होता, "बाई, आप्पांच्या गाड्या तरी किती हायेत?"

अशा त्या कोरड्या दिवसांत एक मोठं काम आलं. पिकावर फवारायच्या औषधाच्या बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्या. कारखान्याचा माणूस जीपनं आला होता, चांगला शिकलेला, बोलायला गोड. औषधाच्या नावाचा पट्टा नारिंगी, बाकीचा मजकूर काळा, आणि पट्ट्याला लागून कोपऱ्यात धोक्याची खूण. पतंगाच्या आकाराची ती खूण ठरलेली असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात विषाच्या जोरानुसार रंग भरतात: सगळ्यांत जहाल त्याला तांबडा, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. याला तांबडा लागत होता. आमचं मशीन एका वेळी एकच रंग छापणारं. म्हणजे काळा, नारिंगी आणि तांबडा असे तीन हात. तो गृहस्थ म्हणाला, "तांबडा वेगळा कशाला? नारिंगीतच उरकून टाका. नारिंगी म्हणजे लालच झाला की. तुमचाही एक दिवस वाचेल, आमचाही."

मालक हो म्हणाले. त्यांना दोष देत नाही मी. दोन महिने मशीन जवळजवळ बंद होतं. मालकांनी सांगितल्याप्रमाणे आप्पांनी दोन रंगांत नमुना काढला, वाळू दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ सही करायला आला तेव्हा आप्पा बोट टेकवेनात.

"आप्पा, काय झालं?" मालकांनी विचारलं.

"रंग चुकला हाय."

"नारिंगी बरोबर आहे. मी बघितला सावलीत."

"नारिंगी बराबर हाय. तांबडा चुकला हाय."

त्या गृहस्थानं हसून माझ्याकडे बघितलं. "काय बाई, मजकुरात चूक आहे का? 'विष' असं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलं आहे ना?" मी हो म्हणाले. तिन्ही भाषांत शुद्ध होतं, मीच तपासलं होतं. "मग झालं तर. लिहिलेलं आहे सगळं."

त्याच वेळी त्याच्या जीपचा ड्रायव्हर प्यायला पाणी मागायला आत आला. चाळिशीचा माणूस, लातूरजवळच्याच खेड्यातला. आप्पांनी त्याला तांब्या दिला, पाणी पिऊ दिलं आणि मग टेबलाजवळ बोलावलं. त्याच कारखान्याची दुसरी एक बाटली तिथं नमुन्याला ठेवलेली होती, पिवळ्या खुणेची. आप्पांनी तिच्या शेजारी आमचा नारिंगी नमुना ठेवला.

"भाऊ, या दोन्हीत जास्ती जहाल कंचं?"

ड्रायव्हरनं साहेबाकडे बघितलं. मग कानाची पाळी चोळत म्हणाला, "मला वाचता येत न्हाई जी."

साहेब हसला. मालकही थोडे हसले. आणि आप्पा म्हणाले, "मलाबी येत न्हाई. नुसतं बघून सांग."

हसू थांबलं. मला आधी वाटलं, त्या माणसाची लाज राखायला आप्पा खोटं बोलताहेत. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं "बाई, माझे हात रंगाचे हायेत, वरचं नाव जरा मोठ्यानं वाचा" असं ते रोज म्हणत आले होते, आणि मी रोज वाचून दाखवत आले होते. सहीच्या जागी बोट. उलटा धरलेला कागद. मी प्रुफं वाचणारी, एका मात्रेची चूक मला लांबून दिसायची, आणि हे मला दिसलं नव्हतं. मालकांनी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढली होती. त्यांनाही नाही. खाजाभाई मात्र खाली बघत रूळ पुसत होता. त्याला माहीत असावं.

ड्रायव्हरनं पिवळ्या खुणेच्या बाटलीवर बोट ठेवलं. "हे जहाल असंल. हिच्यावर निशाणी हाय."

"अन् ह्याच्यावर?"

त्यानं आमचा नमुना उचलला, फिरवला. "ह्याच्यावर कुठाय निशाणी? हे तर सरबतावानी दिसतंय."

खूण होती. पट्ट्याच्याच रंगात होती, म्हणून पट्ट्यात विरघळून गेली होती. आप्पा साहेबाकडे वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "साहेब, वाचता येणाऱ्याला तुम्ही तीन भाषांत लिवलंय. न येणाऱ्याला त्यो रंगच अक्षर हाय. हितं तुम्ही त्याचं अक्षर खोडलं. आपण याला औषध म्हणतो, तिथंच आधी अर्धी चूक हाय. आता उरलेली अर्धी मी करणार न्हाई. माझ्या जागी दुसरा कुणी बोट लावत असंल तर लावू द्या."

कुणी लावलं नाही. साहेब म्हणाला, वर विचारून कळवतो, आणि नमुना घेऊन गेला. पुढचे अकरा दिवस काही कळलं नाही. मालक आप्पांशी बोलत नव्हते. मशीन झाकलेलं. आप्पा वेळेवर येत, पाटा घासत, पत्त्या घासत, सावलीत बसत. एके दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आप्पा, मला आधी का नाही सांगितलं? मी शिकवलं असतं."

"पयल्यांदा लाज वाटली म्हणून न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "मंग इतकी वर्सं न्हाई सांगितलं म्हणून लाज वाटाय लागली."

मी म्हटलं, आता शिका. ते म्हणाले, आता डोळ्यांना एकच काम पुरे. मी विचारलं, मग कागद उलटा धरायचा तो लोकांना कळू नये म्हणून का? तेव्हा मात्र ते खरंच रागावले. "ते कामाचं हाय, बाई! सुलटा धरला की तुमच्यासारखी माणसं वाचत बसतात. उलटा धरा, मंग रंग दिसतो." मी धरून बघितला. खरं होतं.

बाराव्या दिवशी कारखान्याचा फोन आला. तांबडा वेगळा छापा. मालक फोन ठेवून मशीनपाशी आले आणि इतकंच म्हणाले, "आप्पा, तांबडा काढा." त्या तांबड्यावर आप्पांनी चार दिवस घालवले. पहिला नमुना मला सुंदर वाटला. कुंकवासारखा होता. त्यांनी बाजूला टाकला. "ह्यो देखणा झाला. देखणा नको. ह्यो आरडाओरडा करणारा पायजे." दुसरा वाळून विटकरी झाला. तिसरा नारिंगीच्या शेजारी बसवून, पुठ्ठ्याच्या भोकातून, दहा पावलं लांबून, बॅटरीच्या पाण्यावर छापून बघितला आणि मग ते "सरी" म्हणाले. कानडीतलं 'बरोबर'. फार मनासारखं झालं की घरची भाषा तोंडात यायची. मागच्या बाजूला मी सही केली. आप्पांनी बोट टेकवलं आणि म्हणाले, "खाली माझं नाव लिवा, बाई. सोंग पुरं झालं." मी लिहिलं. त्या दिवसापासून ते हात स्वच्छ असले तरी उघडपणे म्हणायचे, "वाचून दाखवा. मला येत न्हाई." आणि तेव्हाही कुणी हसलं नाही.

पुढं पाऊस आला, लग्नं आली, काम आलं. वर्षं गेली. छापखान्यात संगणक आला. त्याच्या पडद्यावर बघून गिऱ्हाइकं रंग पसंत करायला लागली. आप्पा म्हणत, पडद्यावरचा रंग उजेडाचा, कागदावरचा मातीचा. त्यांची सोयरीक कशी जुळणार? तरी ते जुळवून द्यायचे. मग गुडघे दुखायला लागले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी खाजाभाई आला.

मी त्यांना शेवटची भेटले ती त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. अंगणात बाजेवर बसले होते आणि समोर निळी बादली ठेवली होती. एक डोळा हातानं झाकायचे, बघायचे, मग दुसरा झाकायचे. गौराक्का म्हणाल्या, "सकाळधरून हाच खेळ चाललाय."

"बाई, या डोळ्यानं ही बादली निळी हाय," आप्पा म्हणाले. "अन् ह्या दुसऱ्यानं चहा सांडल्यावानी. म्हंजे ऑपरेशनच्या आधी दोन्ही डोळं असेच व्हते." मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या दोन-तीन वर्सांत माझा निळा चढत व्हता का?"

मी म्हटलं, "छे हो आप्पा. असं कुठं."

"तुम्ही प्रुफं वाचता. चूक दिसली तर खूण करायची सोडून झाकता व्हय?"

मग मी सांगितलं. हो, चढत होता. हिरवे मोरपंखीकडे जायचे, मरून जांभळाकडे. आप्पा दुपारी जेवायला घरी गेले की खाजाभाई डबा उघडून दुरुस्त करायचा आणि मग नमुना काढायचा.

"मालकाला ठाव व्हतं?"

"हो."

"समद्यांला?"

"हो, आप्पा."

गौराक्कांनी ताक आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मला वाटलं, नको होतं सांगायला.

"दुरुस्त कसा करायचा त्यो?" त्यांनी विचारलं.

"थोडा निळा काढायचा."

"निळा काढता येत न्हाई, बाई. मिसळला की मिसळला. काय टाकायचा ते सांगा."

मी आठवून सांगितलं. "हिरव्यात पिवळा. मरूनमध्ये तांबडा, अगदी पत्तीच्या टोकावर."

"बोटानं कागदावर थापटून बघायचा?"

"हो. आणि वाळू द्यायचा. गिऱ्हाईक ओरडलं तरी."

"एकतरी माल परत आला?"

"एकही नाही."

आप्पांनी भिंतीला पाठ टेकली. ताकाचा पेला उचलून एका दमात संपवला, मिशा पुसल्या. "खाजाला म्हणावं, येऊन जा एकदा. भिऊ नको म्हणावं, मी रागावलो न्हाई."

निरोप दिला त्या दिवशी खाजाभाईनं मशीन लवकर बंद केलं आणि सायकल काढली. तीन तास तिथं बसला होता, असं गौराक्कांनी नंतर सांगितलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. दीड महिन्यानं आप्पा गेले. त्यांना नेताना खाजाभाई सगळ्यांच्या पुढं होता, आणि कुणीतरी जागा बदलू का म्हणून विचारलं तरी त्यानं शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.